दापोली ते रत्नागिरी सायकलमोहीम, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सकाळचे चार तास

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

नमस्कार. जानेवारीत आमच्या तालुक्यातील सायकलप्रेमींनी दापोली ते रत्नागिरी अशी चार दिवसांची मोहीम आखली होती. मज्जासंस्थेच्या दीर्घ आजारांचे जे रुग्ण तपासणीसाठी वारंवार मुंबई-पुण्याला जातात, त्यांच्या प्रवासखर्चासाठी निधी जमवणे हा तिचा हेतू होता. मी त्या मोहिमेत सायकल चालवली. माझे वय ४४ आहे, मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि २०१४ पासून मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. येथील दोन-तीन सभासदांनी अनुभव लिहिण्याचा आग्रह केला, म्हणून हा धागा काढत आहे. अशा मोहिमा आखणाऱ्यांनी तो वाचावा, अशी माझी विशेष इच्छा आहे.

आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नसतो. मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर वेष्टन असावे, तसे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याच आवरणावर हल्ला करते आणि जेथे आवरण झिजते तेथून संदेश सावकाश जातो किंवा जातच नाही. माझ्या बाबतीत सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली. फळ्यावरची अक्षरे धुरकट दिसू लागली आणि जास्वंदीचे लाल फूल त्या डोळ्याने पाहिले की विटलेले दिसे. पहिल्या डॉक्टरांनी तो ताणाचा परिणाम ठरवला. पुढे एमआरआय झाला तेव्हा खरे कारण कळले. आज माझा डावा पाय दमल्यावर ओढला जातो, तोल थोडा कच्चा आहे आणि थकवा असा येतो की त्याला रोजच्या थकव्याचे नाव देणे मला पटत नाही.

सायकलच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये नोंदवले होते की अशा काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर मंद होते आणि विश्रांतीनंतर पूर्ववत होते. त्यांनी दोष श्रमाला दिला. खरे कारण श्रमाने वाढणारे शरीराचे तापमान आहे, हे पुढे स्पष्ट झाले. आवरण गमावलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पार होत असतो, आणि तापमान अर्धा अंश वाढले तरी तो वाटेतच अडू शकतो. शरीर निवले की तो पुन्हा जाऊ लागतो. या प्रकाराला आजही उथॉफ यांचेच नाव आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा की अंग तापले म्हणजे उजवा डोळा मंदावतो आणि डावे पाऊल पेडलवरून घसरते.

आता अशा व्यक्तीने कोकणात सायकल चालवायची, म्हणजे काय ते पाहू. आपल्या किनाऱ्याचा रस्ता नकाशावर समुद्राला लागून जातो, परंतु प्रत्यक्षात तो खाडीच्या पातळीपर्यंत उतरतो, पलीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. उतारावर वारा लागतो आणि श्रम नसतात. चढावर याच्या अगदी उलट घडते. ताशी सहा किलोमीटरच्या गतीला वारा अंगाला लागत नाही आणि शरीर सर्वाधिक उष्णता नेमकी तेव्हाच निर्माण करत असते. चढ संपला की सडा येतो आणि सड्यावर सावली नसते. घाम वाळला तरच अंग निवते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. जानेवारीत हवा मे महिन्याइतकी दमट नसली, तरी रत्नागिरी जिल्ह्यात दुपारचे तापमान त्या महिन्यातही तिशीच्या वर जाते.

यावर माझ्याकडे एकच खरा उपाय होता, आणि तो मी सातवीच्या मुलांना दरवर्षी शिकवते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि ते गार असतात. जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. या दोहोंच्या मध्ये, साधारण दहाच्या सुमारास, वारा पडतो. त्या तासा-दीड तासात सड्यावर उभे राहणेसुद्धा मला झेपत नाही. म्हणून आम्ही ठरवले होते की दररोज सकाळी सहाला निघायचे आणि दहाला, असू तेथे, थांबायचे. माझ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी परवानगी देताना आणखी एक अट घातली होती. दृष्टी मंदावली की त्या क्षणी उतरायचे आणि पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा सायकलवर बसायचे नाही. ती अट मी वहीत लिहून त्याखाली सही केली होती आणि वही मदतगाडी चालवणाऱ्या माझ्या भावाकडे दिली होती.

पहिल्या दिवशी दापोली ते दाभोळ, तेथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, आणि पुढे गुहागर असा मार्ग होता. दापोली सुमारे आठशे फुटांवर असल्याने दाभोळपर्यंत उतारच अधिक. सहाला निघालो असतो तर साडेआठच्या सुमारास जेट्टीवर पोहोचून धोपाव्याचा चढ वारा असतानाच संपला असता. परंतु हिरवा झेंडा दाखवण्यासाठी ज्यांना बोलावले होते ते पाहुणे सात वाजता आले. त्यानंतर नारळ, दीपप्रज्वलन, चार भाषणे आणि माझा सत्कार झाला. मागे 'असाध्य आजारावर मात' असा फलक होता. मी आजारावर मात केलेली नाही. आजार माझ्याबरोबर आहे आणि माझे सकाळचे तास मोजून देतो. मी तेथे हातात श्रीफळ घेऊन उभी होते आणि ते तास सरत होते. आम्ही निघालो तेव्हा पावणेआठ झाले होते.

दाभोळला पोहोचायला सव्वादहा झाले. ठरल्याप्रमाणे तेथेच थांबायला हवे होते आणि न थांबण्याची चूक माझी होती. फेरीबोट धक्क्याला लागलेली होती, बाकीचे आठही जण चढले, आणि इतका मानसन्मान झाल्यानंतर पहिल्याच दिवशी मागे राहणे मला जड गेले. बोटीवर खाडीचा वारा लागला आणि अंग निवल्यासारखे वाटले. धोपाव्याला उतरलो तेव्हा वारा पूर्ण पडलेला होता. चढावर अर्ध्यात येईपर्यंत डावे पाऊल तीनदा घसरले. सड्यावर आल्यावर रस्त्याकडेचा पांढरा पट्टा उजव्या डोळ्याला दिसेनासा झाला. मी सायकल आडवी केली आणि खाली बसले.

भाऊ पाच मिनिटांत आला. त्याने काही विचारले नाही. टेम्पोच्या सावलीत सतरंजी टाकली, बर्फाच्या डब्यात भिजवून ठेवलेले पंचे मानेवर, काखेत आणि मनगटांवर ठेवले आणि थंड कोकम सरबत थोडे थोडे पाजले. पंचा वाऱ्यावर फडकावून पुन्हा भिजवायचे काम तो पाऊण तास करत होता. पांढरा पट्टा हळूहळू परत दिसू लागला. पुढे गुहागरच्या दिशेने नऊ किलोमीटर मी टेम्पोत बसून गेले.

उरलेल्या तीन दिवसांत सांगण्यासारखे विशेष घडले नाही आणि त्याचाच मला आनंद आहे. गुहागर ते हेदवी, हेदवी ते तवसाळ, फेरीबोटीने जयगड आणि तेथून गणपतीपुळे, शेवटच्या दिवशी आरे-वारे मार्गे रत्नागिरी. रोज पहाटे साडेचारला पेज आणि उकडलेले अंडे खाऊन गोळी घेत असे, कारण माझे औषध, डायमिथाइल फ्युमरेट, रिकाम्या पोटी घेतले की अंगावर लाली आणि उष्णतेची लाट येते. बरोबर सहाला दिवा लावून निघायचे, दर पंचवीस मिनिटांनी थकवा असो वा नसो, थांबायचे. आरे-वारेचा चढ सकाळी साडेसातला, समुद्र अजून फिकट असताना मी न उतरता चढले. रत्नागिरीला सव्वानऊला पोहोचलो. सुमारे १३० किलोमीटरच्या मार्गापैकी नऊ वजा करून उरलेले सर्व मी चालवले.

कुणाला सायकलच्या तयारीविषयी, आहाराविषयी विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.

सुरूबन

ताई, मी गुहागरचा आहे आणि धोपाव्याचा तो चढ गेली वीस वर्षे दुचाकीवरून करतो. साडेदहानंतर तेथे दुचाकीवरही चटका बसतो, तेव्हा सायकलवर काय होत असेल याची कल्पना करवत नाही. पुढच्या वेळी मुक्काम दाभोळलाच करावा आणि पहाटेच्या पहिल्या बोटीने यावे, असे सुचवतो. पालशेतच्या बाजूला रस्त्यावर झाडी बरी आहे, तो भाग उशिरासाठी राखता येतो.

वाटसरू

आपल्या धैर्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो. मी लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमांत भाग घेत असतो. तेथे एक किलोमीटर जरी वाहनातून गेले तरी ती फेरी अपूर्ण धरली जाते, आणि हा नियम सर्वांना सारखा असतो. नऊ किलोमीटर टेम्पोतून गेल्यावर मोहीम 'पूर्ण केली' असे म्हणणे कितपत योग्य आहे? देणगीदारांनी प्रत्येक किलोमीटरमागे रक्कम कबूल केली असेल, तर हा प्रश्न केवळ शब्दाचा उरत नाही. आपणास दुखावण्याचा हेतू नाही.

खाडीपलीकडची

वाटसरू, आपण विचारले हे बरे केले. आमच्याकडे खरोखरच काही जणांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली होती. गुहागरला पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी मी त्या सर्वांना संदेश पाठवून नऊ किलोमीटर कमी झाल्याचे कळवले आणि तेवढी रक्कम वजा करावी असेही लिहिले. दोघांनी वजा केली, ते योग्यच होते. बाकीच्यांनी पूर्ण दिली. नोंदवहीतही माझ्या नावापुढे नऊ किलोमीटर वजा आहेत.

'पूर्ण' या शब्दाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. आपल्या उपक्रमांचा नियम अंतर आणि वेळ यांचा असतो आणि तो मान्य करूनच आपण उतरता. मी ज्या नियमावर सही केली होती त्यात अंतराचा उल्लेख नव्हता. दृष्टी गेली की उतरायचे, एवढेच त्यात होते. धोपाव्याच्या सड्यावर मी तशीच पुढे रेटत गेले असते आणि एका डोळ्याने गुहागर गाठले असते, तर आपल्या नियमाने मोहीम पूर्ण झाली असती, माझ्या नियमाने ती तेथेच संपली असती, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा विचार केला तर कदाचित आणखीही काही संपले असते. खरा नियमभंग मी दाभोळला दहानंतर बोटीत चढून केला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

वाटसरू

सही केलेल्या अटीचा मुद्दा मला पटला. रक्कम कळवल्याचे वाचून समाधान वाटले. 'पूर्ण' या शब्दाबद्दल माझे मत अजून थोडे आधीसारखेच आहे, परंतु तो आग्रह मी आपल्यावर लादणार नाही.

मचवा

मी भौतिकोपचार (फिजिओथेरपी) करतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आमच्याकडे क्वचित येतात, तरीही तीन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

पूर्वी या रुग्णांना व्यायाम टाळण्याचा सल्ला दिला जात असे, आणि उथॉफ यांचे निरीक्षण हे त्यामागील एक कारण होते. १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनंतर हा सल्ला बदलला. बेताचा, नियमित व्यायाम आजार वाढवत नाही. उलट थकवा आणि चालणे या दोन्ही बाबतींत त्याचा उपयोग होतो. घरातील वडीलधारी मंडळी अजूनही जुनाच सल्ला देतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

दुसरे असे की उष्णतेने आलेली लक्षणे अंग निवल्यावर ओसरतात आणि त्यामुळे तंतूंची नवी हानी होत नाही. परंतु ताप किंवा संसर्ग नसताना एखादे नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो आणि डॉक्टरांना त्वरित कळवले पाहिजे. 'उन्हाने झाले असेल' म्हणून चार दिवस घालवू नयेत.

तिसरे, बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. या आजारात काही भाग बधिर असू शकतो आणि बर्फाने त्वचा पोळली तरी रुग्णाला कळत नाही. ताईंच्या भावाने ओले पंचे वापरले आणि ते फडकावून पुन्हा भिजवले, हे अगदी योग्य केले. निघण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ केली, तर शरीर तापायला अधिक वेळ लागतो. तेही करून पाहावे.

खाडीपलीकडची

मचवा, मनापासून आभार. गार पाण्याची अंघोळ मी दुसऱ्या दिवसापासून केली. फरक जाणवला. जानेवारीच्या पहाटे विहिरीचे पाणी उलट कोमट लागते, म्हणून आदल्या रात्री बादली अंगणात उघड्यावर ठेवत होतो.

काजूबोंड

ताई, मलाही हाच आजार आहे आणि जो प्रश्न कुणी विचारत नाही तो मी विचारते. लघवीची घाई झाली की मला पाच मिनिटेही धीर धरवत नाही. या एका कारणासाठी मी बसचा प्रवाससुद्धा टाळते. सड्यावर, आठ पुरुष सहकाऱ्यांबरोबर, आपण हे कसे निभावले?

खाडीपलीकडची

प्रश्न विचारल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. आठांपैकी तीन स्त्रिया होत्या, त्यामुळे थोडे सोपे गेले, तरीही मुख्य आधार पूर्वतयारीचाच होता.

मोहिमेच्या पंधरा दिवस आधी भावाबरोबर गाडीतून संपूर्ण मार्ग फिरून मी जेथे जेथे शौचालय वापरता येईल ती ठिकाणे लिहून काढली. त्यांत फेरीबोटीच्या जेट्ट्या, एसटीची स्थानके, देवस्थानांचे भक्तनिवास, दोन शाळा आणि ओळखीची चार घरे होती. जेथे दोन ठिकाणांमधील अंतर अर्ध्या तासाहून जास्त होते, तेथे टेम्पो माझ्यापासून एक किलोमीटरच्या आत ठेवायचे ठरले. टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीचा आडोसा आणि बसायचे भांडे होते. तीनदा त्याचा उपयोग झाला. चौथ्या दिवशी त्या तिघींपैकी दोघींनीही तो मोकळेपणाने वापरला. अशी सोय फक्त मलाच हवी होती असे मी समजत होते, ते खरे नव्हते.

एक विनंती मात्र आवर्जून करते. या भीतीने पाणी कमी पिऊ नका. मी पूर्वी तेच करत असे. त्याने लघवीचा संसर्ग होतो, ताप येतो, आणि ताप आला की आपली सारी लक्षणे एकदम उसळतात. घाईवर औषधे आहेत. डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे.

पाखाडी

मी दरवर्षी एका गावच्या मदतफेरीच्या आयोजनात असतो, म्हणून आयोजकांची बाजू मांडतो. उद्घाटनाचा कार्यक्रम आम्ही हौसेने करत नाही. गावातील दाते, व्यापारी, पतपेढ्या यांना व्यासपीठावर बोलावले की पुढच्या वर्षी ते पुन्हा देणगी देतात. वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पाहुणे उशिरा येतात याला आमचा इलाज नसतो. कार्यक्रमच नको म्हटले तर निधी निम्म्यावर येईल, हे मी अनुभवाने सांगतो. ताईंना झालेल्या त्रासाबद्दल मला मनापासून खेद वाटतो, परंतु यातून मार्ग कसा काढावा?

खाडीपलीकडची

आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आमच्या मोहिमेतही जमलेल्या १,८४,५०० रुपयांपैकी बराच मोठा भाग त्या व्यासपीठावरील मंडळींकडूनच आला, आणि त्या पैशातून तालुक्यातील सहा रुग्णांचा वर्षभराचा प्रवासखर्च भागणार आहे. कार्यक्रम नको, असे मी कधीच म्हणणार नाही.

कार्यक्रम आदल्या संध्याकाळी घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमाला पाहुणे सातला आले तरी कुणाचे काही बिघडत नाही. दुकाने बंद करून व्यापारी निवांत येऊ शकतात आणि मुलांनाही येता येते. झेंडाही तेव्हाच दाखवावा. सकाळी फक्त सायकली निघाव्यात. हे मी आमच्या संयोजकांना सांगितले तेव्हा त्यांनी ताबडतोब मान्य केले. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. सकाळचा एक तास म्हणजे माझ्यासाठी काय असतो हे मीच त्यांना आधी नीट सांगितले नव्हते. उष्णतेचा त्रास होतो एवढेच सांगितले होते, आणि त्रास तर सर्वांनाच होतो.

फलकाविषयीही एक सांगते. 'मात' हा शब्द वाचून आमच्या तालुक्यातील एका रुग्णाचे वडील मला म्हणाले की आमच्या मुलाने मग तेवढे प्रयत्न केले नाहीत असे लोक समजतील. तो मुलगा चाकाच्या खुर्चीत आहे. त्याचा आजार माझ्याहून वेगाने वाढणारा आहे, आणि त्यात त्याच्या प्रयत्नांचा काहीही संबंध नाही. पुढील वर्षीच्या फलकावर केवळ निधी कशासाठी आहे ते लिहावे, असे ठरले आहे.

पाखाडी

आदल्या संध्याकाळचा पर्याय आमच्या पुढील बैठकीत मांडतो. फलकाच्या मजकुराकडे आम्ही कधी या दृष्टीने पाहिले नव्हते.

सुरूबन

एक माहिती जोडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. माझ्या मावसबहिणीला हे अनेक वर्षे कुणी सांगितलेच नव्हते. बाहेरून धडधाकट दिसत असल्यामुळे आपण अर्ज करू शकत नाही असे तिला वाटत होते. येथील वाचकांपैकी कुणाच्या घरी रुग्ण असल्यास प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

देवगडचा वाचक

प्रथमच लिहीत आहे. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी हे निदान झाले. ती लग्नाआधी कॉलेजला सायकलने जात असे. हा धागा काल रात्री तिला वाचून दाखवला. आज सकाळी तिने माळ्यावरची सायकल खाली काढायला सांगितली. तिला इंटरफेरॉनची इंजेक्शने चालू आहेत. सुरुवात कशी करावी आणि मी काय करावे, हे कृपया सांगावे.

खाडीपलीकडची

वाचून फार आनंद झाला. आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. इंटरफेरॉनची इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात आणि ती गोठता कामा नयेत, म्हणून बाहेर मुक्काम असेल तर ती बर्फाला थेट चिकटणार नाहीत अशी ठेवा. काही रुग्णांना इंजेक्शननंतरच्या दिवशी कणकण येते. तो दिवस सायकलचा नसावा.

सायकल माळ्यावरून काढली आहे, तर ब्रेकचे रबर आणि टायर बदलून घ्या. बैठक इतकी खाली ठेवा की बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. थोडे जोर लावणे कठीण जाते, परंतु तोल गेला तर पाय लगेच टेकतो. बूट अडकवायचे पेडल नकोत. पहिला महिना सपाट रस्ता, सकाळी साडेसहा ते सात, आणि तिला आणखी जावेसे वाटत असतानाच परत फिरा. मी चार महिने असे केले, तेव्हा कुठे पहिला चढ चढले.

आपणही सायकल घ्या आणि तिच्या मागे राहा, पुढे जाऊ नका. पुढच्या माणसाला गाठण्याच्या नादात मी दोनदा थांबायला विसरले आहे.